तिसरं हँडल

मिस्त्रीने पान्याला शेवटचा हिसका दिला, दोन पावलं मागे सरकून एक डोळा मिटला आणि समाधानाने मान हलवली.

"बसलं. आता शंभर वर्षं बघायला नको."

त्याची ताई सायकलच्या मागे उभी होती. तिने मान हलवली नाही.

"उजवीकडे गेलंय," ती म्हणाली.

मिस्त्रीने पुन्हा पाहिलं. सायकलची दोन्ही चाकं एकाच लाकडी फळीच्या खाचेत घट्ट बसली होती, म्हणजे सायकल रेषेत होती. तिच्यावर हँडलही रेषेतच होतं. त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. चाळीस वर्षं तो नुसत्या नजरेने हँडल बसवत आला होता. दोरी, पट्टी, असल्या भानगडी शिकाऊ लोकांच्या. त्याच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हे दुकान काढलं तेव्हापासून इथे दोरीला शिरकाव नव्हता.

"सरळ आहे, ताई."

"नाही रे, बंड्या."

चोपन्न वर्षांच्या माणसाला बंड्या म्हणणारं आता जगात हे एकच माणूस उरलं होतं, म्हणून तो ऐकून घ्यायचा. पण महिन्याभरातलं हे तिसरं हँडल होतं. सायकल तिच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली: काळी, उंच, ताठ बसून चालवायची, साखळीवर पत्र्याचं झाकण असलेली. तिच्यावरून ती आयुष्यभर इस्पितळात गेली आणि निवृत्त झाल्यावरही घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची मलमपट्टी करत होती. मूळचं हँडल गंजलं, तेव्हा त्याने तिला आधी आडवं, सरळ हँडल बसवून दिलं. आठवड्याने ती परत आली, म्हणाली, पाठ वाकते. मग उंच शिंगांचं बसवलं. त्याने म्हणे खांदे भरून आले. आज त्याने खुंटीवरून जुन्या धाटणीचं, मुठी मागे वळलेलं हँडल काढलं. घासूनपुसून असं चकचकीत केलं की त्यात तोंड पाहावं. सायकलला ते शोभतही होतं. पण बाईसाहेबांना ते वाकडं दिसत होतं.

वाकडं दिसत होतं, हेच त्याच्या मनात सलू लागलं. कारण मागच्या दोन्ही वेळांनाही ती निघताना हेच पुटपुटली होती.

अण्णांचं असंच सुरू झालं होतं. आधी दाराच्या चौकटी त्यांच्या अंगावर यायला लागल्या. मग ताटातलं डावीकडचं तसंच राहू लागलं आणि आईवर ओरडा, मला वाढत का नाहीस म्हणून. डोक्यात गाठ निघाली. दहा महिन्यांत खेळ आटोपला. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा दोघा भावंडांना समोर बसवून सांगितलं होतं, पन्नाशीनंतर एकमेकांवर लक्ष ठेवा. त्यांनी ते ऐकलं आणि पुन्हा कधी त्या विषयाचं नाव काढलं नाही.

मिस्त्रीने ताईकडे नीट पाहिलं. केस विंचरलेले, बटणं बरोबर लावलेली. पण अण्णासुद्धा सुरुवातीला व्यवस्थितच दिसायचे.

"तू डोळे तपासलेस का इतक्यात?" त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"तपासले. सगळंच तपासलं."

"मग?"

"मी ठणठणीत आहे."

असंच म्हणतात सगळे, त्याला वाटलं. तो पाना ठेवायला वळला आणि कोपराचा धक्का लागून बाकड्याच्या डाव्या टोकावरचा तेलाचा डबा खाली आला. तेल फरशीवर पसरलं.

"जागाच पुरत नाही इथे," तो चिंधी शोधत म्हणाला. ताई बराच वेळ त्या तेलाकडे पाहत राहिली.

मग तिने पिशवीतून सुतळीचा गुंडा काढला.

"मोज."

"अण्णांच्या दुकानात सुतळी?"

"मोज, बंड्या. माझ्या समाधानासाठी."

त्याला तिची कीव आली. आपणच आता तिला हे दाखवून द्यायचं आणि मग हळूच म्हणायचं, ताई, एकदा डॉक्टरांकडे जाऊन येऊ, मी येतो बरोबर. मनात वाक्यं जुळवतच त्याने सुतळीचं टोक सीटच्या दांड्याला बांधलं, दुसरं टोक उजव्या मुठीपर्यंत ताणलं आणि तिथे गाठ मारली. मग तीच सुतळी डाव्या मुठीकडे नेली.

गाठ मुठीपर्यंत पोहोचली नाही. दोन बोटं कमी पडली.

"सुतळी ओली आहे," तो म्हणाला.

"असेल. पुन्हा मोज."

त्याने पुन्हा मोजलं. या वेळी डावीकडून सुरुवात केली. तरी तीच दोन बोटं. रस्त्यावरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं. मिस्त्री सुतळी हातात धरून उभा राहिला आणि हँडलकडे पाहत राहिला. हँडल सरळच होतं. त्याला ते अजूनही सरळच दिसत होतं.

"पहिल्या वेळी अर्धं बोट होतं," ताई म्हणाली. तिचा आवाज एरवी रोग्यांच्या उशाशी बसून बोलते तसाच होता. "मी घरी नेऊन मोजलं. दुसऱ्या वेळी एक."

"मग पाठ दुखते, खांदे भरतात..."

"काही दुखत नव्हतं मला. तुला पुन्हा बसवताना बघायचं होतं. वाटलं, एखाद्या वेळी चुकला असशील."

मिस्त्री बाकड्यावर टेकला. त्याला राग यायला हवा होता, पण भीतीच वाटली, लहानपणी वाटायची तशी, उघडी. हात थरथरत नव्हते. तेच त्याला जास्त वाईट वाटलं. हे हात अजून काहीही उघडू शकत होते, जोडू शकत होते.

"माझ्या बायकोला सांगितलंस?"

"तुला आधी. उद्या दहा वाजता जायचंय आपल्याला. वेळ घेऊन ठेवलीय मी."

त्याने मान हलवली. थोड्या वेळाने तो उठला, पाना उचलला आणि हँडलचा बोल्ट सैल केला.

"राहू दे आता," ती म्हणाली.

"अशी वाकडी सायकल नेणार का तू घरी? सांग, कुठे थांबू."

तो हँडल डावीकडे फिरवू लागला. हळूहळू, केसाकेसाने. ताई समोर येऊन उभी राहिली.

"अजून. अजून थोडं. बस, थांब."

तो थांबला. त्याने एक डोळा मिटून पाहिलं. हँडल उघड उघड डावीकडे वळलेलं होतं. असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती.

"हे सरळ आहे?" त्याने विचारलं.

"हो."

त्याने बोल्ट आवळला.