दोन आकडे, एक श्वास, दोन आकडे

मित्रांनो, मी दारावरचा एक जुना कळफलक आहे. मला दहा आकडे तेवढे येतात. पुढचे शिकवले नाही कोणी, आणि आता शिकायचे वयही उरले नाही.

मला एका लहान कारखान्यात बनवले. तिथल्या बाईने माझे प्रत्येक बटण शंभर वेळा दाबून पाहिले आणि मगच मला खोक्यात घातले. तीस वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या नॉर्शपिंग शहरात, जुन्या कापड गिरणीशेजारच्या पाच मजली इमारतीत, रस्त्याकडच्या दाराला, मला बसवले. बरोबर चार आकडे दाबले की मी हिरवा होतो आणि दार सुटते. चुकले की मी लाल होतो आणि घर्र करतो. लागोपाठ तीन चुका झाल्या तर एक मिनिट कोणाचेच ऐकत नाही. एवढीच माझी विद्या.

पहिल्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. लोक म्हणाले, आता चोराची काय बिशाद! मला तेव्हाच सांगावेसे वाटले होते की बाबांनो, मी आकडा ओळखतो, माणूस ओळखत नाही. पण मला बोलता येत नाही.

नऊ वर्षे एकच आकडा चालला. सत्तावीस शहाण्णव. पेपरवाल्याला ठाऊक, रंगाऱ्याला ठाऊक, चौथ्या मजल्यावरून घटस्फोट घेऊन गेलेल्या नवऱ्यालाही ठाऊक. माझी चार बटणे झिजून चकाकू लागली आणि बाकीची सहा काळी राहिली. डोळे असलेल्या कोणालाही माझे गुपित वाचता आले असते. मला पुसायलाही कोणी येईना. थंडीत माझे सातचे बटण आखडू लागले, ते अंगठा देऊन दाबावे लागे. हे इथे राहणाऱ्यांनाच माहीत होते.

मग नोव्हेंबरात चोरी झाली. पिवळा कोट घातलेला एक माणूस हातात मोठे खोके घेऊन आला. दुसऱ्या मजल्यावरचा तरुण बाप तेवढ्यात बाहेर पडत होता. त्याने अदबीने दार धरले. त्या माणसाने मला बोटही लावले नाही. अर्ध्या तासाने तो दोन सायकली आणि त्याच बापाच्या लेकराची ढकलगाडी घेऊन गेला.

तीन सभा झाल्या आणि फेब्रुवारीत कारागीर आला. सोसायटीची अध्यक्ष राग्नहिल्ड माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हे डबडं काय कामाचं? चोर सरळ आत आला!"

"दार कोणी धरलं होतं?" कारागिराने विचारले.

"ते जाऊ दे. तू आकडा बदल."

त्याने बदलला. जाताना म्हणाला, "प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दे हं. म्हाताऱ्यांना तोंडानं सांग. आणि आता पुन्हा नऊ वर्षं झोपू नका."

राग्नहिल्डने कागद छापला आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. बाहेर लावला तर चोर वाचेल, हेही खरेच. पण घरोघर चिठ्ठी काही गेली नाही.

तिसऱ्या मजल्यावर गुनबोर्ग एकटी राहते. चौऱ्याऐंशी वर्षांची. ती आठ दिवस तापाने अंथरुणात होती. बरे वाटले तशी एका सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली आली. अंगात नुसता लोकरी अंगरखा, पायात घरातल्या सपाता, चष्मा वर राहिलेला. दारावरचा कागद न वाचताच ती बाहेर गेली. दार मागे बंद झाले.

परत येऊन तिने मला दाबले. दोन, अंगठ्याने सात, एक श्वास, मग नऊ, सहा. नऊ वर्षे ती असेच दाबत आली आहे. मित्रांनो, मी तिचे बोट ओळखले, आणि लाल झालो. मला दुसरे काही करताच येत नाही. तिने पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा दाबले, तेव्हा मी मिनिटभर कान मिटले. बाहेर उणे अकरा अंश होते. असे तिने एकूण आठ वेळा दाबले. प्रत्येक वेळी तेच आकडे, तोच श्वास. शेवटपर्यंत बोट चुकले नाही.

टपालवाली आली तेव्हा गुनबोर्ग भिंतीला टेकून बसली होती.

चार दिवसांनी तिची मुलगी सोल्वेई तिला इस्पितळातून घेऊन आली. नवा आकडा सोल्वेईला राग्नहिल्डने फोनवर सांगितला होता. वर असेही म्हणाली होती, कागद आठवडाभर लावलेला आहे, सगळ्यांना माहीत आहे.

दारापाशी सोल्वेई थांबली. "आई, तू दाब बघू."

गुनबोर्गने दाबले. दोन, सात, श्वास, नऊ, सहा. मी लाल झालो.

"अगं, हाच तर आहे आकडा!" गुनबोर्ग म्हणाली.

सोल्वेईने तिचा हात बाजूला घेतला. "आई, स्वतःच्या दाराचा आकडा राहत नाही तुझ्या डोक्यात. मंगळवारी ते वृद्धांचं घर बघून येऊ. नुसतं बघू."

"मी माझ्या घरातून कुठे जायची नाही."

"मग पुन्हा बर्फात बसणारेस का?"

खरे मला एकट्याला ठाऊक होते आणि मी मुका. इतका थकवा मला तीस वर्षांत आला नव्हता.

तेवढ्यात मागून तोर्केल आला, हातात पावाची पिशवी. हा तळमजल्यावर राहतो. जिन्यात कोणी असेल तर जिना रिकामा होईपर्यंत तो दाराआड उभा राहतो. इथे बरेच जण तसेच करतात, पण तोर्केल त्यात सर्वांचा गुरू. आज मात्र तो रस्त्यावर होता. लपायला दार नव्हते.

"तिचा आकडा बरोबर आहे," तो पावाकडे बघत म्हणाला. "गेल्या आठवड्यापर्यंत बरोबर होता. नवा तिला सांगितला कोणी?"

"तुम्हाला काय माहीत तिनं त्या दिवशी कोणता दाबला?"

"ऐकला मी. टिक टिक, मग थांबणं, मग टिक टिक. आठ वेळा. विसरलेलं माणूस चाचपडतं, सोल्वेई. ही एकदाही चाचपडली नाही."

"तुम्ही ऐकत होतात? कुठून?"

तोर्केलची मान खाली गेली. "दाराआडून. मला वाटलं, कोणीतरी आत येतंय. येऊन जाऊ दे, मग निघू."

गुनबोर्ग म्हणाली, "चाळीस वर्षं जिना मोकळा व्हायची वाट बघतोयस, तोर्केल. झाला का एकदाचा?"

तो हसला नाही. "चूक झाली माझी," म्हणाला.

सोल्वेईने आईच्या कानाशी नवा आकडा सांगितला, दोनदा. गुनबोर्गने तो मला दिला. दोन आकडे, एक श्वास, दोन आकडे. मी हिरवा झालो. मंगळवारचे पुन्हा कोणी बोलले नाही.

मित्रांनो, येत्या गुरुवारी मला काढणार आहेत. नवा येईल, त्याला कार्ड दाखवायचे असते म्हणे. तो कार्ड ओळखेल, माणूस तोही ओळखणार नाही. म्हणून सांगतो, आकडा बदलत जा, आणि बदलला की म्हाताऱ्यांच्या दारावर जाऊन सांगा. अनोळखी माणसासाठी दार धरण्याआधी "कोणाकडे आलात?" एवढे विचारा. आणि कोणी बाहेर अडकले असेल तर ते काम माझ्यावर सोडू नका. मी फार थकलो आहे, आणि थकलेला नव्हतो तेव्हाही मला ते येत नव्हते.

काल दुपारी गुनबोर्ग खरोखरच चुकली. माणूस आहे, चुकायचेच. मी घर्र केले, एकदा, दोनदा, तीनदा, आणि कान मिटले. आत तळमजल्याचे दार वाजले. सपातांची पावले आली.

मी अजून लालच होतो. दार उघडले होते.