ओळंब्याची हिरवी खूण

या, असे जवळ सरकून बसा. आज देवादिकांचं आख्यान नाही, एका साहेबाचं सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, त्याची किंमत तेवढीच.

रुग्णालयात औषध सोडणारे पंप असतात ना, त्यांचे प्रोग्रॅम लिहिणारं एक ऑफिस होतं. तिथल्या साहेबाला सगळे पाठीमागे 'ओळंबा' म्हणत. गवंड्याचा ओळंबा निदान भिंत बघतो, हा मोकळी जागा बघे. प्रोग्रॅममधली दोन आडव्या रेघांची बरोबरची चिन्हं एकाखाली एक, खांबासारखी उभी हवीत. एखादं तसूभर सरकलं की त्याचा लाडका तपासनीस प्रोग्रॅम लाल फुली मारी आणि काम अडे. आकडा खरा की खोटा, हे तपासनिसाला कळत नव्हतं. साहेबाला कितपत कळे, देव जाणे.

तिथे एक मावशी होत्या. प्रोग्रॅम लिहिण्यात सगळ्यांत जुन्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. त्यांची धाकटी बहीण आजारी, रुग्णालयात तसल्याच एका पंपावर होती. वीज जाऊन आली की पंप दिलेला डोस पुन्हा देतो, हे मावशींनीच हुडकलं आणि एक ओळ लिहिली: वीज आल्यावर तीस मिनिटं थांब. तेवढ्यात नर्स येऊन बघते. पण ओळीत चिन्हाआधी येणारं नाव पडलं लांब. चिन्ह खांबाबाहेर. लाल फुली!

"साहेब, आजच्या दिवस तपासनीस बंद ठेवा. सरळ मग करते."

"आज एक ओळ वाकडी, उद्या सगळं ऑफिस वाकडं! सरका मावशी, मीच करतो."

तपासनीस नुसता ओरडणारा, सरळ करायचं ते हातानं. साहेबानं अख्ख्या पानभर ओळी ढकलल्या, जास्त गेल्या म्हणून सगळ्या ओळींतून एक उभा पट्टा कापला. त्यात तिसातला तीन गेला. राहिलं शून्य. खांब मात्र सुरेख! हिरवी खूण उमटली.

पानभर ओळी बदललेल्या, त्यात काय बिघडलं कोण बघतो? मावशी चष्मा सावरून एकेक ओळ वाचत गेल्या.

"अहो, तिसाचं शून्य झालंय. पंप थांबणारच नाही."

"हिरवी खूण आली ना?"

"आली हो. त्या खुणेच्या भरवशावर माझी बहीण निजलीय!"

"तुम्ही फार मनाला लावून घेता. बैठकीत बघू."

बैठकीत म्हणे! मावशींनी तपासनिसाचं तोंड बंद केलं, आपली वाकडी ओळ परत घातली, टेबलावरच्या पंपाची वायर उपटून पुन्हा लावली. पंप सांगितल्याप्रमाणे तीस मिनिटं थांबला. तसाच प्रोग्रॅम रुग्णालयात धाडला.

त्याच आठवड्यात वॉर्डातली वीज गेली, आली. पंप शहाण्यासारखा थांबला. बहीण पुढे आपल्या पायांनी घरी आली.

आणि साहेबानं मावशींना नियम मोडला म्हणून घरी बसवलं. वाकडी ओळ मात्र तशीच आहे. हात लावायची छाती नाही त्याची. उलट तपासनिसालाच हुकूम दिलाय, या ओळीकडे बघायचं नाही! देवानं डोकं दिलं विचार करायला, यानं ते ठेवलं मोजपट्टी टेकवायला.

ओळंब्याला विसरा. देवापुढे हात जोडाल तेव्हा मावशींची तेवढी आठवण असू द्या.