खुर्चीवरचे दाजी

बन्सीधर जिवंत होता, चांगला धडधाकट होता, आणि तरीही दर पितृपंधरवड्यात त्याच्या फोटोला हार पडत होता. फोटोसमोर पान वाढलं जायचं. मग त्याच फोटोखाली पाट टाकून बन्सीधर जेवायला बसायचा आणि खीर दोनदा मागून घ्यायचा. स्वतःचं श्राद्ध इतक्या मनापासून जेवणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

खरं म्हणजे तो फोटो माझ्या दाजींचा असायला हवा होता. तात्याराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलाक्काचे मालक. छप्पन साली ऐन पावसाळ्यात विषमज्वरानं गेले. सुलाक्का तेव्हा पोटुशी होती. दाजींचा एकट्याचा असा फोटो नव्हताच. आदल्या वर्षी गावच्या जत्रेत नाटक झालं होतं, त्या मंडळींचा एक फोटो होता. तिचे सासरे व्यंकटराव तो घेऊन परभणीला गेले, त्यातला एक चेहरा मोठा करून, चौकटीत बसवून आणला आणि ढाळजेत, वाड्याच्या पुढच्या बैठकीत, टांगला. टांगल्यावर लोकांच्या लक्षात आलं की हा तात्याराव नव्हे, त्याचा चुलतभाऊ बन्सीधर आहे. कानाजवळ एक काठीसारखं काहीतरी उभं होतं, तेही कुणाला ओळखू येईना. मंडळींचा मूळ फोटो मात्र परभणीहून परत आलाच नाही.

पण बोलणार कोण? व्यंकटराव निजामाच्या अमलात पोलीस पाटील होते. त्यांनी सूर्य शेजारच्या पिंगळी स्टेशनातून निघतो म्हटलं असतं तर गावानं तिकडे तोंड करून अर्घ्य दिलं असतं. ते म्हणाले, "हा माझा तात्या." झालं. लोकांनी मनात म्हटलं, फोटोवाल्यानं घोटाळा केला, म्हाताऱ्याला दुःखात कळलं नसेल, आणि नाक तर घराण्याचंच आहे. त्या घरात नाक जन्मानं मिळतं. जमिनीचं तेवढं कोर्टात ठरतं.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण रुख्मिणी जन्मली. तिला घराण्याचं नाक मिळालं नाही. बारशाला आलेल्या बाया पाळण्यात बघायच्या, मग फोटोकडे बघायच्या, मग एकमेकींकडे. "पोरगी बापावर न्हाई गेली," असं म्हणायच्या आणि पुढचं गिळायच्या. ते गिळलेलं पुढचं माझ्या बहिणीनं अठरा वर्षं ऐकलं. मोठी झाल्यावर रुख्मिणीनंही ऐकलं. तोवर दाजींचा खरा चेहरा गाव विसरलं होतं; लक्षात राहिला तो भिंतीवरचा. ती ढाळजेतून जाताना फोटोकडे बघत नसे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रुख्मिणीचं लग्न ठरलं. मी मुलीचा मामा, म्हणून परभणीच्या कॉलेजातून रजा काढून आधीच हजर झालो. मामाचं लग्नातलं काम मुलीमागं उभं राहण्याचं. त्याला शिक्षण लागत नाही, म्हणून ते माझ्याकडे होतं.

ढाळजेत बैठक बसली. व्यंकटरावांनी फर्मावलं, "कन्यादान बन्सी करंल जोडीनं. अन् तात्याची तसबीर शेजारी खुर्चीवर ठिवायची. नवरा-नवरी पाया पडतील."

आमच्याकडे ती रीतच आहे. मेलेल्या बापाचा फोटो मांडवात खुर्चीवर बसतो आणि जिवंत माणसांपेक्षा जास्त मान घेतो.

मी म्हणालो, "आबा, पाटावर बन्सीधर, खुर्चीवर पण बन्सीधर. पावण्यांनी काय समजायचं?"

"तसबीर तात्याची हाय," व्यंकटराव म्हणाले.

बन्सीधर समजुतीच्या स्वरात म्हणाला, "मी लय सुटलोय की आता, दत्तराव. तवाचा मी अन् आत्ताचा मी. कुणी वळखत न्हाई."

"मी वळखते," दाराआडून आवाज आला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. त्या दाराआडून आजवर चहा आला होता, सुपारी आली होती. वाक्य पहिल्यांदाच आलं होतं.

"माझी पोरगी तिच्या बापाच्या पाया पडून सासरी जाईल," सुलाक्का म्हणाली. "भाऊजींच्या पाया पडायचं तर पडंल, ते जिते हायत. पर बाप म्हणून न्हाई. न्हाई तर खुर्ची रिकामी ठिवा."

व्यंकटरावांनी दाराकडे न बघता विचारलं, "दुसरी तसबीर हाय का तिच्याजवळ?"

"आणते," आक्का म्हणाली.

व्यंकटरावांच्या तोंडावर राग असेल असं मला वाटलं होतं. होती ती धास्ती. ती कशाची, हे मला मानवतला कळलं.

मानवतला किशनराव राहत होते. त्या नाटकात पेटी वाजवलेले. आता कापसाच्या आडतीवर मुनीम होते. दुसऱ्या दिवशी मी आणि आक्का एस.टी.नं गेलो. आक्का खिडकीशी बसली. मी तीनदा सांगून बघितलं की फोटो नसेल तर निराश होऊ नको. तिनं मला शेंगदाणे दिले.

फोटो होता. किशनरावांनी तो आडतीमागच्या आपल्या खोलीत, पेटीच्या वर भिंतीला लावला होता. खाली उतरवून उपरण्यानं पुसला आणि मला एकेक दाखवायला लागले.

"हा मी. हा राजा, वारला बिचारा. हा बन्सी. भालदाराचं काम होतं त्याला. बोलायचं काही नव्हतं, नुसतं उभं राहायचं. तेही चुकला."

बन्सीधरच्या हातात भाला होता. ढाळजेतल्या फोटोत कानाजवळ उभं असलेलं ते काय, याचा मला उलगडा झाला.

"आणि आमचे दाजी?"

किशनरावांनी मधोमध बोट ठेवलं. तिथं राणी बसली होती. शालू, नाकात नथ, डोक्यावरून पदर, मान किंचित वळवलेली. नाटक झालं तेव्हा मी शिकायला औरंगाबादला होतो.

"ही तर बाई आहे. बाहेरून आणली होती का?"

किशनराव इतके हसले की आडतीवरचा तोलणारा आत डोकावून गेला. "काय हो मास्तर! ह्येच तुमचे दाजी. परभणीची मंडळी असंच इचारत होती, कुठली बाई म्हणून. राणी वनवासाला निघते तवा पुढचे हसणारे सगळे रडायला लागले. असा स्त्रीपार्ट पुन्हा झाला न्हाई आपल्याकडं."

मी आक्काकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"माहीत कसं नसंल? बायांच्या बाजूला बसून पायलं की मी. माझाच शालू नेसले व्हते, लग्नातला. नथ बी माझीच. नीट जपून वापस दिली, एक मोती हालला न्हाई."

"आणि तुझे सासरे?"

"ते आले न्हाईत बघायला. पाटलाचा पोरगा लुगडं नेसून नाचतो म्हणून महिनाभर बोलले न्हाईत त्यांच्याशी."

मग फोटोवाल्याचा काही घोटाळा नव्हता. घोटाळा करायला बुद्धी लागते, ती व्यंकटरावांनी स्वतः वापरली होती.

किशनरावांनी फोटो कागदात गुंडाळून दिला. "न्या. फक्त माझं डोकं कापू नका, मी अजून हाय."

परभणीच्या स्टुडिओत फोटोवाल्यानं भिंग लावून पाहिलं. "राणीसाहेबांचा मोठा करायचा? मयत का?"

"मयत आहेत," मी म्हणालो. "पण साहेबच आहेत."

त्यानं भिंग पुन्हा लावलं. व्यवसायात मुरलेला माणूस. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "मग सोपं आहे. ब्रशनं काम करून देतो. पदराच्या जागी फेटा, शालूवर कोट. नथीवरून मिशी काढली की नथ आपोआप जाते. चेहरा तोच राहील. पुष्कळांना असा कोट चढवलाय मी. कुणाच्या घरी तक्रार नाही."

मला तोडगा एकदम पटला. शिकलेल्या माणसाला तोडगे लवकर पटतात. चेहरा खरा, कपडे इभ्रतीचे, म्हातारा खूश, व्याही खूश. मी म्हणालो, "आक्का, हे बरोबर आहे बघ."

"त्यांनी जन्मात कोट घातला न्हाई," आक्का फोटोवाल्याला म्हणाली. "हे मातर घातलं व्हतं, अन् हौसेनं. जसं हाय तसं करा."

"बाई, लोक हसतील."

"हसू द्या. नाटकाला बी हसायलाच आले व्हते."

फोटोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कोट घातलेल्या पुढाऱ्यांकडे पाहिलं. फोटो जसा होता तसा मोठा झाला.

लग्नाच्या दिवशी सकाळी आक्का उंबरा ओलांडून ढाळजेत आली. पदर डोक्यावर होता, पण चौकट दोन्ही हातांत धरलेली असल्यामुळे तो सावरायला हात नव्हता. तिनं कागद काढला.

व्यंकटरावांनी एकदाच पाहिलं आणि मान फिरवली. "झाक ते."

"मामाजी, अठरा साल मी जित्या माणसाच्या फोटूला हार घातला. आता न्हाई घालणार."

"आबा, मला बी बरं वाटत न्हाई," बन्सीधर मध्येच म्हणाला. "दर सालाला पितरपाटात ताप येतो मला."

"तो खिरीनं येतो," त्याची बायको आतून म्हणाली.

व्यंकटराव काठीकडे बघत बोलले. "फोटूवाल्यानं इचारलं, ह्यातला कोणता? मी बन्सीवर बोट ठिवलं. बाकीच्यांना कायबी वाटू दे. पाटलाच्या भिंतीला पाटलाचा पोरगा लुगड्यात टांगू? काय इज्जत ऱ्हायली असती?"

"तुमची ऱ्हायली," आक्का म्हणाली. "माझ्या पोरीची गेली. 'बापावर न्हाई' म्हणून गावानं तिला मोठी केली. तुमाला ऐकू येत न्हवतं, मला येत व्हतं."

व्यंकटरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पोराकडचे यायी काय म्हणतील?" त्यांनी विचारलं.

"इचारतील. मी सांगन."

"मी न्हाई येत मग मांडवात."

"तुमची मर्जी. नात तुमची हाय."

आणि तिनं स्वतःच खुर्ची उचलली. मी पुढं झालो तर म्हणाली, "तू पोरीमागं उभा ऱ्हा, तुला तेच काम हाय." खुर्ची मांडवात बोहल्याशेजारी नेऊन ठेवली, वर फोटो ठेवला, हार घातला. मांडवातली पोरं जमली, बाया जमल्या. कुणीतरी फिसकन हसलं. आक्का खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वऱ्हाड पिंगळी स्टेशनावरून बैलगाड्यांतून आलं तेव्हाही ती तिथंच होती.

"ह्या बाई कोण?" वऱ्हाडातल्या पहिल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझे मालक."

त्यानं कान पुढं केला. तिनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. "तात्याराव पाटील. रुख्मिणीचे वडील. नाटकातले हायत. राणीचं काम व्हतं." म्हाताऱ्यानं नमस्कार केला, ऐकू न आल्यामुळे की आल्यामुळे, ते समजलं नाही. पुढच्यानंही विचारलं. त्यालाही तेच, त्याच आवाजात. हसणाऱ्याला आणि न हसणाऱ्याला एकच उत्तर.

मग रुख्मिणीला बाहेर आणलं. ट्रंकेतला तोच शालू, तीच नथ. मी मागं होतो, त्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता. समोरच्यांचे दिसत होते. नवरदेवाची आई एकदा पोरीकडे बघे, एकदा खुर्चीकडे. मग ती जरा चिडूनच म्हणाली, "यीनबाई, पोरीचाच फोटू कामून ठिवला खुर्चीवर? जित्या पोरीला हार घालतात का?"

मांडवात कुणी हसलं नाही. बारशाला पाळण्यात डोकावून गेलेल्या बाया तिथंच होत्या; त्यांनी पदर तोंडाशी नेले.

"पोरीचा न्हाई," आक्का म्हणाली. "पोरीच्या बापाचा हाय. नीट बघा."

त्या बाईनं वाकून नीट बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. रुख्मिणी खाली बसली, फोटोशी तोंड नेलं. मुंडावळ्या हातानं बाजूला केल्या. बराच वेळ झाला तशी भटजींनी मुहूर्ताची आठवण केली. ती उठली आणि मागं वळून माझ्या कानात म्हणाली, "मामा, माझी हनुवटी हाय ही." मी हो म्हणालो. तिच्या मुंडावळ्या पुन्हा सारख्या केल्या.

अक्षता पडायच्या आधी ढाळजेकडून काठीचा आवाज आला. लोकांनी वाट दिली. व्यंकटराव खुर्चीसमोर येऊन थांबले. चष्मा काढला, धोतरानं पुसला, पुन्हा लावला. आक्कानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. म्हातारा वाकला आणि हात पुढं केला. फोटो उचलतो की काय असं मलाही वाटलं.

"हारानं नथ झाकायलीय," ते म्हणाले, आणि हार बाजूला सारला.

मग तिथंच खुर्चीशेजारी सतरंजीवर बसले, आणि आक्कानं खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला.

जेवणावळी उठल्यावर बन्सीधर ढाळजेत स्टुलावर चढून आपला जुना फोटो भिंतीवरून काढताना मला दिसला. धूळ पुसून, उपरण्यात गुंडाळून त्यानं तो काखेत घेतला.

"फेकून कामून द्यायचा, दत्तराव?" तो म्हणाला. "चौकट चांगली हाय. मला पुढं लागंलच."