पंचमीचा मुराळी

जर्मनच्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमच्या धन्यांनी बेळगावात विम्याच्या हापिसात खुर्ची धरली, तवापास्नं मला एकच कोडं. हा माणूस दिवसभर विकतो तरी काय? पिशवीत ना तंबाखू, ना मिरची! विचारलं तर म्हणाले, "माणूस गेल्यावर घरच्यास्नी पैसं मिळतात, ते." अगं बाई! पगार नावाला, बाकी सगळं कमिशन. म्हंजे कुणी मरणाची गोष्ट ऐकून घेतली, तरच आमची चूल पेटणार.

ऐकून कोण घेतंय? शेजारच्या मच्छे गावात ह्यांची सायकल दिसली की लोक मागल्या दारानं शेतात. एका नागपंचमीला मी सांबऱ्याला माहेरी गेलते. हे मला परत न्यायला आले आणि भरल्या ताटावर माझ्या भावाला म्हणाले, "भावकू, उद्या तुझं काय बरंवाईट झालं तर?" सणासुदीचं! वहिनी रडत उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढल्या साली पंचमी तोंडावर आली, तरी भाऊ मुराळी म्हणून न्यायला येईना. बिनबोलावता माहेरी कसं जायचं? त्यात साहेबानं धन्यास्नी बजावलेलं, पंचमीच्या आत एक तरी गिऱ्हाईक आणा, न्हायतर खुर्ची सोडा.

आदल्या दिवशी भावकू आला! मला लई बरं वाटलं, पण ध्यान सगळं धन्यांच्या तोंडाकडं. आता काढतील विम्याचं, आता काढतील. तर हे पाऊसपाणी विचारतात, बैलांचं विचारतात, त्याला आणिक एक लाडू घ्यायला लावतात. ह्यांच्या पोटात चाललंय तरी काय?

मी गाठोडं उचललं, तसा भावकूच म्हणाला, "दाजी, त्या विम्याचा कागद आणा. सही करतो."

धनी ताडकन उठले. खुंटीवरच्या कोटाला हात घातला आणि थांबले.

"घरात विचारलंस काय रं?"

"तिला कशाला? रडंल उगंच."

ह्यांनी कोट सोडला.

"मग नगं. पुढल्या पंचमीला आक्काला न्यायला येशील न्हवं?"

"येतो की, दाजी."

"मग झालं. निघा आता, ऊन वाढतंय."

खुर्ची गेली, हे मला तिथंच कळलं. तरी ह्या माणसाचा असा अभिमान मला कधी वाटला न्हवता. डोळ्याला पदर लावून मी भावाच्या मागं बाहेर पडले.