ओल्या फरशीचा प्रश्न

मित्रांनो, जरा कल्पना करा. भरल्या सभेत तुम्ही हात वर केला आहे, हात दुखू लागला आहे आणि कोणी तुमच्याकडे बघतही नाही. तसा मी एक जुना प्रश्न आहे.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारागिरांचा इंटरनेटवर एक कट्टा आहे. एका कारागिराने मला तिथे मांडले : 'ओल्या फरशीवर पाय घसरतो. तळवा कसा करावा?' कृत्रिम पायावर चालणारी त्यांची नऊ वर्षांची लेक बाथरूमच्या दारात पडली होती. तेव्हापासून ती भिंत धरूनच चालायची.

पहिल्या दिवशी माझे कौतुक झाले. सत्तावीस जण 'छान प्रश्न!' म्हणाले. उत्तर एकानेही दिले नाही. मग मी खाली खाली ढकलला गेलो. वर चकचकीत पायांचे फोटो येत राहिले. फसलेले काम तिथे कोणी दाखवतच नसे. वर्षभरात उत्तर मिळाले नाही, तर प्रश्न पुसून टाकायचा, असा कट्ट्याचा नियम होता. शेवटचा दिवस उजाडला आणि मी देवाचा धावा सुरू केला. प्रश्नाला देव असतो का, ते विचारू नका!

त्या सकाळी मी कार्यशाळेतल्या संगणकाच्या पडद्यावर उघडा होतो. लेकीने टेबलाचा खण ओढला. आत रबराचे तीन तळवे होते. एक फाटलेला, एक दगडासारखा, एक घसरडा.

"बाबा, हे का नाही दाखवले कट्ट्यावर?"

"वेडी की काय! इतकी वर्षं काम करतोय, लोक हसतील मला."

"मी पडले तेव्हा तुम्ही हसलात?"

बाबांनी फोन उचलला. मग त्यांनी तिन्हींचे फोटो माझ्याखाली लावले आणि लिहिले, 'हे माझे फसलेले.'

दुपार झाली. काहीच नाही. मी तास मोजत होतो. संध्याकाळी एकाने लिहिले, 'दादा, माझाही असाच फाटला. लाजेने बोललो नाही. रबराच्या आत कापडाचा थर घाला.' लगेच एक बाई म्हणाल्या, 'आणि खाचा आडव्या पाडा. उभ्या पाडून मी फसलेय.'

नवी गोष्ट अशी जन्मते, मित्रांनो. म्हणून कोणाचा प्रश्न दिसला, तर नुसते 'छान' म्हणून पुढे जाऊ नका.

आठवड्याने चौथा तळवा तयार झाला. लेकीने फरशीवर मगभर पाणी ओतले. बाबा माझ्यासाठी व्हिडिओ काढू लागले. तिने भिंत सोडली. एक पाऊल. दोन. सातव्याला टाच सरकली, ती धडपडली, पण सावरली.

मग तिने बाबांच्या हातातून फोन घेतला आणि माझ्याखाली लिहिले, 'सात पावलं. टाच अजून सरकते. पाचवा कसा करायचा?'