व्हर्लिनच्या ट्रकची जबानी

माझ्या नवऱ्यासमोर माझ्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं तर तो निमूट ऐकून घेतो. दर थँक्सगिव्हिंगला त्याची बहीण माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आणि हा तिच्याच शेजारी बसून टर्कीवर ताव मारतो. पण ट्रक? ट्रकबद्दल ब्र काढून बघा! घोडे विकणारा ऑर्व्हल एकदा कॅफेत म्हणाला होता की व्हर्लिनच्या ट्रकचा आवाज जरा बदललाय, तर हा त्याच्याशी मार्चपासून मे महिन्यापर्यंत बोलला नाही. आणि आमच्या वायोमिंगच्या त्या गावात बोलण्यासारखी माणसं आहेतच किती.

ट्रक कुठल्या कंपनीचा ते मी सांगणार नाही, वकिलांनी तशी ताकीद दिलीय. डिझेलवर चालतो, मागे चार घोड्यांचा ट्रेलर ओढतो, आणि इंजिनात डिझेल ढकलणारा एक छोटासा पंप आहे, तो एक नंबरचा हलकट आहे. चालता चालता तो आतल्या आत झिजतो, त्याचा चुरा सगळ्या नळ्यांतून फिरतो, आणि एक दिवस इंजिन गप्पकन बंद. आधी खोकणं नाही, शिंकणं नाही. पहिल्यांदा पोस्टासमोर बंद पडला. विक्रेत्याकडचा माणूस म्हणाला, तुमच्या डिझेलमध्येच पाणी असणार. म्हणजे पंप त्यांचा आणि पाप आमचं! नऊ हजार डॉलर गेले. पण व्हर्लिनला त्या डॉलरांचं दुःख नव्हतं. ट्रक ओढून न्यायला माझी गाडी लागली, आणि माझी गाडी पडली दुसऱ्या कंपनीची, याचं दुःख होतं. मला त्याने धान्याच्या कोठारामागच्या कच्च्या रस्त्याने न्यायला लावलं, आणि मागे स्वतः हॅट नाकापर्यंत ओढून स्टिअरिंग धरून बसला.

"पुढचं दिसतंय का तुला?" मी खिडकीतून ओरडले.

"मला कुणी बघत नाहीये ना, तेवढं सांग!"

दुसऱ्यांदा मात्र घाटात बंद पडला. उतारावर, मागे ट्रेलरमध्ये गेन्ट्रीचे चार घोडे, ज्याचे घोडे व्हर्लिन भाड्याने वाहतो तो गेन्ट्री, आणि शेजारी मी. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि ब्रेक पायाखाली घट्ट बसतो. व्हर्लिन दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला होता. सुटलेल्या गाड्यांसाठी रस्त्याच्या कडेला खडीचा चढ केलेला असतो, त्यात आम्ही घुसलो आणि थांबलो. घोडे वाचले. आम्ही वाचलो. मी दार उघडून रस्त्याकडेला ओकले. आणि हा महाशय खाली उतरून ट्रकच्या नाकाडावर हात फिरवत म्हणतो कसा, "दमला गं बिचारा."

त्या क्षणी माझ्या हातात काही जड असतं तर मी आज विधवा असते.

दुसऱ्या दिवशी कॅफेत याने सांगितलं की एल्क हरणांचा कळप बघायला थांबलो होतो. "खडीच्या ढिगात शिरून?" ऑर्व्हलने विचारलं. हा म्हणाला, "तिथून चांगले दिसतात."

पुन्हा तेवढेच डॉलर ओतून पंप बदलला. नवा पंप, पण त्याच जातीचा. आणि जूनपासून दर शनिवारी गेन्ट्रीचे घोडे घाटापलीकडच्या पर्यटकांच्या तळावर न्यायचे असतातच. हा ट्रक घेऊन घाट उतरू नकोस, म्हणून मी समजावलं, भांडले, अबोला धरला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. मला त्या कंपनीचे पैसे नको होते. या माणसाने फक्त एकदा आपल्या तोंडाने म्हणावं, हा ट्रक धोक्याचा आहे, आणि घाटात नेणं थांबवावं, एवढंच हवं होतं.

म्हणून पेपरात जाहिरात दिसली तेव्हा मीच फोन केला. डेन्व्हरचा एक तरुण वकील, केसलर नाव, कंपनीवर दावा लावत होता. असल्या दाव्यात दोघे-चौघे मालक पुढे होतात आणि त्यांच्या मागे देशभरचे हजारो. व्हर्लिन आधी उखडला, पण "हजारो मालकांचे प्रतिनिधी" हे ऐकल्यावर शेरीफ म्हणून निवडून आल्यासारखा छाती काढून फिरायला लागला. मग केसलरने समजावलं की तुमचा ट्रक इतर सगळ्यांसारखाच आहे, हे आपल्याला दाखवायचंय.

"माझा ट्रक? चारचौघांसारखा?" व्हर्लिनचा चेहरा उतरला. "पोरा, तू नीट बघितलायस का तो?"

निकालाचं म्हणाल तर आत्ताच सांगून मोकळी होते. अडीच वर्षांनी पत्र आलं. पंप फुकट बदलून मिळेल, त्याच कारखान्यातला. शिवाय त्याच कंपनीचा नवा ट्रक घेतलात तर पाचशे डॉलर सूट. म्हणजे विंचू चावला म्हणून तक्रार करावी आणि दुसरा विंचू स्वस्तात मिळावा. केसलरने मात्र आपल्या फीमधून त्या वर्षी बोट घेतली असं ऐकते. पण दाव्याने काही झालं नाही, असंही मी म्हणणार नाही.

मला आशा होती ती जबानीची. व्हर्लिन कॅफेत थापा मारेल, मलाही थापाच मारेल, पण हात वर करून शपथ घेतली की हा माणूस खोटं बोलत नाही, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते. ट्रकच्या कागदांवर माझंही नाव, त्यामुळे दोघांचीही जबानी एकाच दिवशी ठरली. मोटेलच्या मागच्या हॉलमध्ये, जिथे लग्नाच्या पार्ट्या होतात. कंपनीकडून प्रुइट नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. शब्दन् शब्द टिपून घेणारी एक बाई छोट्या यंत्रापुढे बसली होती. मला वाटलं, प्रुइटबाई आल्या आल्या ओरबाडतील. छे! त्यांनी ट्रकचा फोटो टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "किती जपलाय हो तुम्ही, मिस्टर स्टकी! माझ्या वडिलांकडेही असाच होता."

झालं. आमचा गडी विरघळला.

"दर रविवारी पुसतो," व्हर्लिन म्हणाला.

"आणि ओढतो किती?"

"चौदा हजार पाउंड! घाट चढताना गिअरसुद्धा बदलावा लागत नाही." केसलर खोकला. व्हर्लिनने त्याच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला आणि पुढे चालू.

"मग या ट्रकने तुम्हाला कधी दगा दिला, असं म्हणाल?"

मी टेबलाखालून लाथ मारली. ती केसलरला लागली.

"ट्रकने? नाही," व्हर्लिन म्हणाला. "पंपाने दिला असेल. ट्रकचा काय दोष?"

"उतारावर भीती वाटली?"

"छे."

"पंप असा निघणार हे आधी माहीत असतं, तरी हा ट्रक घेतला असता?"

"आजही घेईन," व्हर्लिन म्हणाला, आणि केसलरने पेन खाली ठेवलं. टिपून घेणारी बाई तेवढी हसली, पण तिने ते टिपलं नाही.

वर हा बाहेर निघून गेला, कंपनीचा कॅमेरावाला ट्रक बघायचा म्हणत होता म्हणून. माझं डोकं सणकलं होतं. बावीस वर्षांच्या भरवशाच्या म्हशीला टोणगा! मी खुर्चीत बसले ती सगळं ओकायचंच ठरवून. पोस्ट सांगितलं, कच्चा रस्ता सांगितला, हॅट सांगितली, खडी सांगितली.

"पण तुमचे पती तर म्हणतात, पुन्हा घेतला असता," प्रुइटबाई म्हणाल्या.

"तो ऑर्व्हलने विकलेला आंधळा घोडाही पुन्हा घेईल, मॅडम. त्याच्या पसंतीचं मला सांगू नका."

त्या हसल्या. मग त्यांनी खरा खडा टाकला. "ट्रक एवढा धोक्याचा वाटतो, आणि तरी तुम्ही दर शनिवारी त्यात बसून घाट उतरता. का बरं?"

केसलरने हरकत घेतली. मी म्हटलं, थांब रे, सांगते.

"तो ऐकत नाही," मी म्हणाले. "मग एकट्याने मरू नये म्हणून बसते."

प्रुइटबाईंनी फोटो उचलून फाइलमध्ये ठेवला आणि मला आता प्रश्न नाहीत म्हणाल्या. घरी येताना व्हर्लिनने विचारलं, "कशी झाली तुझी?" मी म्हटलं, "झाली." तो शिट्टी वाजवत गाडी चालवत होता. मला त्याचा गळा आवळावासा वाटत होता.

तीन आठवड्यांनी दोघांच्याही जबान्या छापून घरी आल्या. वाचून सही करायची असते. काही चुकलं असेल तर सोबतच्या कागदावर पान, ओळ, दुरुस्ती आणि दुरुस्तीचं कारण लिहायचं. शुक्रवारची सकाळ होती. व्हर्लिन चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि स्वतःचं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यांदा वाचलं, नाटकातल्यासारखं. "चौदा हजार लिहिलंय बरोबर!" म्हणून खूश झाला. मग माझी जबानी उचलली. मी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

परत आले तर वाचनाचा आवाज बंद. कॉफी गार झालेली. मी बशा विसळल्या, कट्टा पुसला, पुसलेला कट्टा परत पुसला. तो काहीतरी खरडत होता.

"मला वाटायचं, तुला डोंगर बघायला आवडतात म्हणून येतेस," तो मान वर न करता म्हणाला.

"डोंगर आपल्या खिडकीतूनही दिसतात, व्हर्लिन."

त्याने कागद माझ्याकडे सरकवला. पान एकेचाळीस, ओळ नऊ: 'नाही'च्या जागी 'हो, दोनदा'. ओळ अकरा: 'छे'च्या जागी 'हो'. ओळ चौदा: 'आजही घेईन'च्या जागी 'नाही'. आणि कारणाच्या रकान्यात, तिन्ही ओळींना मिळून एकदाच: 'फार घाबरलो होतो. ती शेजारी होती. सांगायची लाज वाटली.'

मला या माणसाला चार शिव्या द्यायच्या होत्या, किती दिवसांच्या साठवून ठेवलेल्या. एकही आठवली नाही. मी पदर नसलेली बाई, म्हणून बशा पुसायच्या फडक्यानेच डोळे पुसले.

व्हर्लिन उठला, भिंतीवरचा फोन काढला आणि गेन्ट्रीला लावला. गेन्ट्री फोनवर नेहमीच ओरडून बोलतो, मला सगळं ऐकू येत होतं.

"उद्या घोडे न्यायला मी नाही," व्हर्लिन म्हणाला. "दुसरं कुणी बघ. ट्रक धोक्याचा आहे."



"कुणाचा ट्रक?" गेन्ट्रीने विचारलं.

व्हर्लिनने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"माझा," तो म्हणाला.