उजेड लई कमी पडतो

पौडला अब्बांचं चपलांचं दुकान आहे. गिऱ्हाइकांना ते सांगतात, आमची रुही हवामान खात्यात आहे. काय डोंबल! मी बघते आकाशाचा उजेड. चांदणं नव्हे, फार उंचावरची हवाच रात्री किंचित उजळते, डोळ्याला दिसत नाही इतकी. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला तर दिसते. त्याला मिट्ट काळोख लागतो आणि आमच्याकडे काळोख उरलाय कुठं? शोधून शोधून मुठा गावच्या माळावर, तुकामावशींच्या शेळ्यांच्या वाड्याला लागून जागा मिळाली. पत्र्याची खोली, वर काचेचा घुमट, आत कॅमेरा.

हा शेवटचा उन्हाळा. सलग नोंदी याच जागेवरून मिळाल्या तर पीएचडी, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. सरांनी तसं तोंडावर सांगितलंय.

मध्यंतरी मावशींनी विचारलं होतं, तुझी अडचण तरी काय हाय पोरी. मी वैतागलेली. म्हटलं, "उजेड लई कमी पडतो हो." म्हणायचं होतं आकाशाचा. त्याच सुमारास बिबट्यानं त्यांची गाभण शेळी नेली. म्हातारी ग्रामपंचायतीत ठाण मांडून बसली. माझी जनावरं जातायत, शिकणारी पोर अंधारात बसतीय, तुमाला काय वाटतं का न्हाई, म्हणाली.

काल संध्याकाळी गेले तर खोलीला खेटून हा उंच खांब, त्यावर चार दिवे. सरपंच, नारळ, पेढे. माझं डोकंच फिरलं. कुणाला विचारून रोवलात, दिवे खाली तरी वाकवा, असं वायरमन मनीषला म्हणाले. तो म्हणाला, वाकवले तरी माळभर उजेड पडणारच, ताई. मग मी सरपंचांकडे वळले. तेवढ्यात मावशींनी हाताला धरून वाड्याकडे नेलं. जाळी फाटली होती. आत एक करडू मान टाकून पडलं होतं, गळ्यावर हळद लावलेली. आदल्या रात्री बिबट्या पुन्हा आला होता.

आता दिवा नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? मला रडू येत होतं, आणि सगळ्यांना वाटलं करडासाठीच.

"बटन तू दाब," मावशी म्हणाल्या. "माझं एकटीचं कोण ऐकत न्हवतं. तुझं नाव घेतलं तवा खांब आला."

मी दाबलं. शेळ्या लख्ख दिसायला लागल्या. घुमटाची काचही. मावशींनी माझ्या तोंडात पेढा कोंबला.

"आता न्हाई कमी पडायचा उजेड तुला."